काळ्या पडद्यासमोर लखू

"येसूमामा, लाँच सोडली का? थांबा, थांबा!"

आधी आवाज आला, मग धुक्यातून सुवर्णा सिस्टर आली. चपला हातात, पाय पोटरीपर्यंत चिखलानं माखलेले.

पौषाचे दिवस होते. या दिवसांत धरणाचं पाणी रोज वीतभर मागं सरतं आणि लाँच रोज पुढं घ्यावी लागते. मी तेच करत होतो. आठ दिवस धुकं उठलं नव्हतं. पाणी कुठं संपलं आणि आभाळ कुठं लागलं ते समजत नव्हतं. लाँचच्या पुढच्या टोकाला उभं राहिलं की मागचं इंजिन दिसायचं नाही. आपण पाण्यावर आहोत की कुणाच्या तरी झोपेत, असं वाटावं असे ते दिवस.

"काय झालं?"

"लखूमामा ढेबे. सकाळपासून बसलेत. अंगाला घाम सुटलाय."

"या थंडीत?"

"म्हणून तर धावत आले. पलीकडं न्यायला पाहिजे. मी सांगितलं तर हलत नाहीत. तुमचं ऐकतील."

"माझं कशाला ऐकंल?"

सिस्टर माझ्याकडं बघत राहिली. "तुमचंच ऐकतील," ती म्हणाली. ते तिनं असं म्हटलं की मी खाली बघून दोर पुन्हा खुंटीला बांधला.

आमच्या वाघळीचं उपकेंद्र म्हणजे लाँचच्या घाटावरच्या दोन खोल्या. एकीत खाट आणि औषधं. दुसरीत, त्या वर्षी, सरकारनं टीव्हीसारखा एक मोठा पडदा बसवला होता. छपरावर पांढरी थाळी, तिच्याशेजारी उन्हावर चालणारी काळी पाटी. कळ दाबली की पडद्यावर पुण्याचा डॉक्टर यायचा. तो आपल्याला बघायचा, आपण त्याला.

खोलीच्या दाराबाहेर लखूच्या चपला नीट जोडून ठेवल्या होत्या. आत बाकड्यावर लखू बसला होता. खांद्यावर घोंगडी, डोईला पागोटं, दोन्ही हात जोडून छातीशी धरलेले. समोर पडदा काळा होता. त्या काळ्यात लखूचीच आकृती अंधुक दिसत होती.

लखू जातीनं गवळी धनगर. वरच्या सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या पठारावर, त्याचं घर आणि बारा म्हशी. पाणी आलं तेव्हा आम्ही दोघं शेंबडी पोरं होतो. आमचं शिवार बुडताना दोघांनी एकाच दरडीवर बसून बघितलं. तेव्हापासून तो वर आणि मी खाली.

"काय रं लख्या? कवापास्नं बसलाईस?"

"ये, येश्या. बस."

"बसत न्हाई. चल, उठ. लाँच तयार हाय."

"कुटं?"

"पलीकडं. दवाखान्यात."

"खुळा का तू? दवाखाना हितं हाय की म्होरं." हनुवटीनं त्यानं पडदा दाखवला. त्याच्या ओठावर घामाचे थेंब होते.

"पडदा बंद हाय, लख्या. ऊन न्हाई, म्हणून बॅटरी भरली न्हाई."

"आपल्याला दिसत नसंल. तिकडनं दिसत असंल. आठ दिस येतोय मी. बसलं की जरा बरं वाटतंय."

सिस्टर दचकली. "आठ दिवस? मामा, तुम्ही तर मला म्हणाला, सहज बसलोय."

"सहजच बसतोय की. छातीत जरा दाबल्यावाणी होतंय, म्हणून बसतोय."

सिस्टरचाही दोष नव्हता. गेले आठ महिने त्या खोलीत लोक बसायलाच येत होते. सड्यावरून, खोऱ्यातून, दीड-दोन तास चालून यायचे. चपला बाहेर काढायचे. पडदा चालू असला तर ठीक, नसला तरी हात जोडून घटकाभर बसायचे आणि जायचे. एका म्हातारीनं तर पडद्याला हळदकुंकू लावलं होतं. सिस्टरनं ते ओल्या फडक्यानं पुसलं, तर म्हातारी चार दिवस तिच्याशी बोलली नाही. मग सिस्टरनं लोकांना हटकणं सोडून दिलं.

हे सगळं सुरू झालं ते माझ्यामुळं.

पडदा बसवला त्याच आठवड्यात खर्शीकर नावाचा बातमीदार माझ्याच लाँचमधून आला. पोरगेला माणूस, गळ्यात कॅमेरा. पाण्यावर त्याचं पोट ढवळलं, म्हणून मी त्याला लिंबू चोखायला दिलं. उपकेंद्रात त्या दिवशी एकही आजारी माणूस नव्हता. तो म्हणाला, "बाबा, तुम्ही बसता का जरा? नुसतं बसायचं." मी बसलो. सिस्टरनं दंडाला पट्टा बांधला. पडद्यावर पांढऱ्या शर्टातला, चष्मा लावलेला एक माणूस आला. एवढा शिकलेला माणूस इतक्या लांबून आपल्याकडं बघतोय म्हटल्यावर माझे हात आपोआप जोडले गेले. तेवढ्यात लख्खकन उजेड पडला. फोटो निघाला.

"कसं वाटतंय, बाबा?" खर्शीकरनं विचारलं.

"बरं वाटतंय," मी म्हणालो. कुणी विचारलं तर दुसरं काय म्हणायचं असतं?

"छातीत वगैरे काही?"

"न्हाई, काय न्हाई आता."

चार दिवसांनी शाळेचे गुरुजी पेपर घेऊन लाँचवर आले. मला तेव्हा अक्षर येत नव्हतं. गुरुजींनी मोठ्यानं वाचलं. लाँच भरलेली होती. 'पाण्यापलीकडचा डॉक्टर पडद्यावर अवतरला! येसू सकपाळ यांच्या छातीतली कळ क्षणात पळाली.' वर माझा फोटो, हात जोडलेला. पडद्याच्या जागी नुसता पांढरा उजेड, देवघरातल्या समईसारखा. खाली लिहिलं होतं, की मी म्हणालो, आता आम्हाला लाँचची गरज उरली नाही.

लाँचमधली सगळी माणसं माझ्याकडं बघत होती. एक बाई म्हणाली, "दाजी, छातीत दुखत होतं आणि बोलला न्हाईत ते!"

तेव्हा बोलायला हवं होतं. मी इंजिनाकडं बघून हसलो. पुढच्या महिन्यात ग्रामपंचायतीनं शाल घातली, नारळ दिला. तालुक्याच्या धक्क्यावर लोक मला बोटानं दाखवायचे. साठ वर्षं माझ्याकडं कुणी बोट दाखवलं नव्हतं.

"लख्या, ऐक माझं," मी बाकड्याशी खाली बसलो. "पेपरात येतं ते समदं धरून चालायचं नसतं."

"छापलेलं खोटं असतंय व्हय? आन् फोटू?"

"फोटू खरा हाय."

"मग?"

'मग'च्या पुढं मला जाता येईना.

लखूनं डोळे मिटले. "येश्या, माजा बाप तुज्या बापाच्या होडीतनं पलीकडं गेला. कापडात बांधून आला. माजा थोरला भाऊ तुज्या लाँचीतनं गेला. तसाच आला. आमच्यातला कोन पलीकडनं चालत आलाय? तू पेपरात बोल्लास, आता पाणी वलांडायची गरज न्हाई. त्या दिशी मी म्हशीम्होरं बसून रडलो, ठावं हाय?"

त्याचा डावा हात जोडलेल्यातून सुटून मांडीवर पडला होता. त्यानं उजव्यानं तो उचलून पुन्हा जोडला.

सिस्टर मला बाहेर घेऊन गेली. "मामा, हे हार्टचं आहे. उचलून न्यायचं तर अंगात बळ आणून झटापट करतील, ते आणखी वाईट. पडदा पेटल्याशिवाय हा माणूस उठायचा नाही."

"मग पेटव की."

"कशावर पेटवू?"

आम्ही दोघांनी एकदमच पाण्याकडं बघितलं. पाणी दिसत नव्हतं, पण लाँच कुठं आहे ते दोघांना माहीत होतं.

"बॅटरी इकडं आणली तर इंजिन चालू कसं करणार?" तिनं विचारलं.

"हँडल मारून. पूर्वी तसंच करायचो. थंडीत लवकर ऐकत न्हाई ते."

"किती वेळ लागेल?"

"ऐकलं तर लगेच."

मी लाँचची बॅटरी काढली. ती छातीशी धरून घाट चढताना मला वाटत होतं, हे ओझं मीच आठ महिने बांधत आणलंय. सिस्टरनं तारा जोडल्या. पिठाच्या गिरणीवरून दोन गडी बोलावले. ते दाराशी उभे राहिले. पडद्यावर आधी मुंग्या आल्या, मग निळा उजेड, मग एका बाईचा चेहरा. केस पिकलेले, कपाळावर आठी.

लखूच्या तोंडावर त्या उजेडाचा निळसरपणा पसरला. तो हसला. लहानपणी दरडीवर बसून पाणी बघताना हसायचा तसा.

"नमस्कार, बोला वाघळी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

सिस्टर भराभर बोलली. लखूच्या छातीला तारा चिकटवल्या, यंत्रातून कागदाची पट्टी निघाली, ती तिनं पडद्यावरच्या कॅमेऱ्यापुढं धरली. डॉक्टरीणबाईंनी पट्टी नीट बघितली. कपाळावरची आठी खोल झाली.

"एक गोळी चावायला द्या, एक जिभेखाली ठेवा. आणि आत्ताच्या आत्ता पलीकडं हलवा. चालवू नका. एक पाऊलसुद्धा."

सिस्टरनं गोळ्या दिल्या. लखूनं त्या प्रसाद घ्यावा तशा घेतल्या. मग म्हणाला, "ह्या बाई न्हवं."

"काय म्हणतायत बाबा?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"येसूला बरं केलं त्ये डॉक्टर बोलवा. चष्म्याचे. तेंचं दर्शन झालं की मी जातो घरला. पाण्यावरनं न्हाई जायाचा."

पडद्यातून बारीक घुं घुं येत होतं.

"सिस्टर," मी म्हणालो, "बोलव त्यांना."

सिस्टरनं मान खाली घातली. "मामा, ते डॉक्टर नव्हते."

"म्हंजे?"

"त्या दिवशी डॉक्टर लाइनवर आलेच नाहीत. तो कंपनीचा माणूस होता. तारांचं काम करणारा. लाइन लागली का, आवाज येतो का, ते बघत होता. मी बातमीदाराला सांगितलं होतं. त्यानं वहीत लिहूनपण घेतलं होतं. पेपर आल्यावर तुम्ही इतके खुशीत होता, की मग मी गप्प बसले."

मला तो माणूस आठवला. त्याचे ओठ हलत होते. मला वाटलं होतं, तो माझी विचारपूस करतोय.

लखू माझ्याकडं वळला. "येश्या? काय म्हनतीय ही?"

आता त्या 'मग'च्या पुढं गेल्यावाचून सुटका नव्हती.

"लख्या, मला काय झालंच नव्हतं," मी म्हणालो. "छातीत न्हाई, कुटंच न्हाई. बातमीदार म्हणाला बस, म्हणून बसलो. कसं वाटतंय म्हणाला, बरं म्हणालो. लाँचची गरज न्हाई असं मी कंदी बोललो न्हाई. पण छापून आल्यावर न्हाई बी म्हणालो न्हाई. लोकं बघाय लागली माझ्याकडं. मला ग्वाड लागलं ते."

गिरणीवरचे गडी ऐकत होते. उद्या सगळं खोरं ऐकणार होतं. त्या वेळी मला त्याचं काहीच वाटलं नाही. लखू काय करतो एवढंच मी बघत होतो.

त्यानं जोडलेले हात सोडले. मग हळूच म्हणाला, "मंग मी आठ दिस कुनाम्होरं बसलोवतो?"

उत्तर पडद्यातून आलं. "बाबा, इकडं बघा. माझ्याकडं. मी इथून नुसती बघू शकते. बघितलं, आणि तुम्हाला काय झालंय ते मला कळलं. पण हात लावणारी माणसं पलीकडं आहेत. मी त्यांना आत्ता फोन करते. तुम्ही काठाला लागायच्या आत ते काठावर उभे असतील. एवढं माझं ऐका."

लखूनं तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"धुक्यात काठ गावंल का तुला?" त्यानं विचारलं.

"गावंल," मी म्हणालो. मला खात्री नव्हती. पण ती थाप मारायची ती वेळ होती.

"त्यांना हॉर्न वाजवायला सांगते," पडद्यातल्या बाई म्हणाल्या. "सारखा. आवाजावर या."

गड्यांनी शेजारच्या खोलीतली खाट आणली आणि लखूला तिच्यावर घालून उचललं. मी बॅटरी उपसून पुढं पळालो. ती जोडली, बटण दाबलं. इंजिन नुसतं खोकलं. थोडा जीव होता तो पडद्यानं खाल्ला होता. मग हँडल. एकदा, दोनदा, चार वेळा. हाताची सालं निघाली. गड्यातला एक म्हणाला, "दाजी, व्हा बाजूला," आणि त्यानं अंगातलं सगळं बळ लावून हँडल फिरवलं. इंजिन धडधडलं.

ती फेरी मला अजून झोपेत दिसते. पुढं पांढरं, मागं पांढरं. सिस्टरच्या मांडीवर लखूचं डोकं. दर थोड्या वेळानं मी इंजिन बारीक करायचो आणि कान द्यायचो. आधी काहीच नव्हतं. नुसतं पाणी लाकडाला लागत होतं. मग कुठून तरी, फार लांबून, रानात वासरू हंबरावं तसा एक आवाज आला. मी तोंड तिकडं वळवलं. पुन्हा बारीक केलं. आवाज डावीकडं सरकला. मीही सरकलो.

"येश्या," लखू म्हणाला.

"बोलू नका मामा," सिस्टर म्हणाली.

"एकच इचारतो. त्या दिशी, फोटूच्या टायमाला, तुला खरंच बरं वाटलं व्हतं का?"

मी सुकाणू धरून उभा होतो. या माणसाशी आता पुन्हा खोटं बोलायचं नव्हतं.

"व्हय," मी म्हणालो. "लई बरं वाटलं व्हतं."

"मला बी," तो म्हणाला. "आठी दिस."

खाली कुठंतरी आमचं बुडालेलं शिवार होतं. आमच्या दोघांच्या बापांचं खळं होतं. त्याच्यावरून आम्ही चाललो होतो. हॉर्न जवळ येत गेला, आणि मग धुक्यात दोन पिवळे दिवे दिसले, आणि त्यांच्यापुढं गुडघाभर पाण्यात उभी असलेली माणसं. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं तशी.

लखू जगला. अर्धं हृदय मेलंय, असं तिथले डॉक्टर म्हणाले. आठ दिवस आधी आणला असता तर तेही वाचलं असतं. ते त्यांनी सिस्टरला सांगितलं. मी शेजारीच उभा होतो. लखूला आता सडा चढता येणार नव्हता. म्हशी पुतण्याकडं गेल्या. मी घाटावर माझ्या घराशेजारी त्याला एक खोपट बांधून दिलं. तो ढेब्यांच्यातला पलीकडून चालत आलेला पहिला माणूस. लाँचमधून उतरून चालला तेवढी वीस पावलं.

दोन महिन्यांनी खर्शीकर पुन्हा आला. आम्ही त्याला सगळं सांगितलं. कंपनीचा माणूस, काळा पडदा, लाँचची बॅटरी, हॉर्न. लखूनं स्वतः सांगितलं, की आठ दिवस फुकट गेले. खर्शीकर मान हलवत लिहून घेत होता. पोरगा वाईट नव्हता. जाताना लखूच्या पाया पडला. पेपर आला तेव्हा गुरुजींनी वाचला. 'पडद्यावरच्या डॉक्टरांनी दिलं जीवदान! वृद्ध पशुपालकाचे प्राण वाचले.' त्यात बॅटरी नव्हती, हॉर्न नव्हता, आठ दिवस नव्हते. लाँच एका ओळीत होती, बाकी काय काय झालं ते नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून खोलीच्या दाराशी पुन्हा चपला दिसायला लागल्या. पहिल्यापेक्षा जास्त.

त्या पावसाळ्यात लाँच बंद असताना मी सिस्टरकडं अक्षरं गिरवायला बसलो. औषधांच्या रिकाम्या खोक्यांवर मी लिहायचो. ती हसायची, पण चुका सोडायची नाही. दिवाळीपर्यंत मला जोडाक्षरं यायला लागली. मग एक दिवस मी लाँचला लावायचा तांबडा रंग घेतला, उपकेंद्राच्या दारासमोर उभा राहिलो आणि भिंतीवर लिहिलं. अख्खी दुपार गेली. अक्षरं एका रेषेत आली नाहीत.

लखू काठी टेकत आला. त्याला अक्षर येत नव्हतं.

"काय लिवलंस?"

मी बोट ठेवून वाचून दाखवलं. "पडदा काळा असला तर बसू नका. दुखत असेल तर लपवू नका. लाँचवर या. पेपरात माझा फोटो आला तेव्हा मला काही झालं नव्हतं. येसू सकपाळ."

त्यानं भिंतीजवळ जाऊन ओल्या अक्षराला बोट लावलं. लाल झालेलं बोट बघितलं.

"छापलंय का हातानं लिवलंय?"

"हातानं."

"मग कोन ऐकतंय?" तो म्हणाला. काठी त्यानं भिंतीला टेकवली आणि दाराच्या उंबऱ्यावर, आत जाणाऱ्याची वाट अडेल असा, हळूहळू खाली बसला. "सरक तिकडं. मी बसतो हितं. येईल त्याला मी सांगतो."